तोंडाचा कर्करोग रक्तातून येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दातांचा डॉक्टर म्हणून मी गोव्यात फोंडा, डिचोली आणि सत्तरीतल्या शिबिरांत लोकांची तोंडं तपासतो. तपासणी पाच मिनिटांत संपते. खरे प्रश्न त्यानंतर येतात, माणूस चपला घालताना दाराशी घुटमळतो तेव्हा. ‘डॉक्टर, हे आमच्या रक्तातच आहे का?’ हा त्यांतला सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेला. खालचे प्रश्न तिथलेच आहेत. शब्द जमतील तेवढे विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत, उत्तरं मात्र दारात उभ्या उभ्या देता येतात त्यापेक्षा लांब आहेत.

माझे आजोबा नव्वदीपर्यंत पान-तंबाखू खात होते. त्यांना काही झालं नाही. मग तंबाखूनं कर्करोग होतो असं का म्हणता?

असे आजोबा प्रत्येक वाड्यावर एकदोन असतात, आणि ते खरे असतात. तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला तोंडाचा कर्करोग होत नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण हिशेब उलट्या बाजूनं करून पाहा. भारतात ज्यांना तोंडाचा कर्करोग होतो, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हाती तंबाखू, सुपारी किंवा दारू यांपैकी काहीतरी असतंच. शिवाय पन्नाशीत गेलेला माणूस नातवाला आपली गोष्ट सांगायला उरत नाही. उरतात ते नव्वदीचे, म्हणून गोष्टी त्यांच्याच ऐकू येतात.

एकाला होतो आणि दुसऱ्याला का नाही, याच्या उत्तरात जनुकांचा वाटा आहे. कुणाचं शरीर तंबाखूतली विषं लवकर निकामी करतं, कुणाच्या पेशी डीएनएची मोडतोड नीट सांधतात. आजोबांकडे असा चांगला संच असेलही. पण आजोबांच्या जनुकांतला साधारण पाव हिस्साच नातवाकडे येतो, आणि तो कोणता पाव हे कुणी निवडलेलं नसतं. पानाचा डबा मात्र अख्खा मिळतो.

जनुकीय भिन्नता म्हणजे नेमकं काय?

आपल्या डीएनएत सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात. ती जवळपास सगळी सगळ्या माणसांत सारखी. तरी कुठल्याही माणसाचं डीएनए प्रमाण मानलेल्या नमुन्याशी ताडून पाहिलं, तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक सापडतो. बहुतेक फरक एकेका अक्षराचे असतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी काही बिघडत नाही.

आपल्याकडच्या हुमणासारखं, म्हणजे माशाच्या कालवणासारखं समजा. कृती एकच, पण एका घरात तिरफळं दोन जास्त पडतात, दुसऱ्या घरात आंबटासाठी सोलांऐवजी दुसरं काही पडतं. तरी ते हुमणच. क्वचित मात्र असं होतं की कृतीतलं एक अख्खं पानच फाटलेलं असतं. जीएसटीएम१ नावाच्या जनुकाचं हेच आहे. शरीरातली विषं निकामी करणारं एक एन्झाइम त्यावरून बनतं. भारतात साधारण दर तीन-चार माणसांमागे एकाकडे हे जनुक दोन्ही प्रतींत नसतंच. युरोपीय वंशाच्या लोकांत तर निम्म्यांकडे नसतं. म्हणजे तो आजार नव्हे, कमतरताही म्हणवत नाही. तो निव्वळ फरक आहे. त्याची आठवण तंबाखू तोंडात आल्यावर होते.

वडिलांच्या अहवालात ‘जनुकांत बदल’ असं लिहिलंय. म्हणजे मलाही तो बदल मिळाला का?

बहुधा नाही. या एका गोंधळापायी लोक झोप घालवून बसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जनुकांतले बदल दोन प्रकारचे. पहिला जन्मापासूनचा: आईवडिलांकडून येतो, शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो आणि मुलांकडे जाऊ शकतो. दुसरा आयुष्यात कमावलेला. वर्षानुवर्षं गालाच्या एकाच कोपऱ्यात तंबाखूची गोळी ठेवली, की त्या जागेच्या पेशींचं डीएनए मार खातं आणि काही पेशींत चुका कायमच्या बसतात. त्या चुका त्या गाठीपुरत्या. त्या मुलाबाळांकडे जात नाहीत. गाठीचा तुकडा तपासून आलेल्या अहवालात बहुतेक वेळा हेच दुसऱ्या प्रकारचे बदल लिहिलेले असतात.

आपल्या देशात या कमावलेल्या बदलांवर चांगलं काम झालं आहे. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची खारघरची संशोधन संस्था यांनी मिळून गाल आणि हिरडी यांच्यामधल्या कर्करोगाच्या ११० रुग्णांच्या गाठी तपासल्या. निष्कर्ष २०१३ साली आले. टीपी५३, कॅस्प८, फॅट१, नॉच१ ही जगभर सापडणारी जनुकं इथेही बिघडलेली होतीच. शिवाय यूएसपी९एक्स आणि एआरआयडी२ यांसारखी काही नवीही सापडली. गाल आणि हिरडी यांमधली खाच ही आपली खास जागा. पाश्चात्त्य देशांत जिभेचे आणि जिभेखालचे कर्करोग जास्त दिसतात. आपल्याकडे गोळी जिथे दाबून ठेवतात तिथेच रोग उगवतो. गोळी कुठल्या गालात ठेवतो हे विचारलं, की कुठे नीट बघायचं ते मला तोंड उघडण्याआधीच कळतं.

मग जन्मजात फरकांतले कोणते महत्त्वाचे?

एक यादी देऊन भागत नाही, कारण ही जनुकं वेगवेगळ्या कामांची आहेत.

तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची रसायनं असतात. गंमत अशी की ती जशीच्या तशी फारसं बिघडवत नाहीत. शरीरच ती बाहेर टाकण्याच्या खटपटीत त्यांना आधी जहाल करतं. हे काम सीवायपी घराण्यातली एन्झाइमं करतात. जहाल झालेल्या रूपाला मग जीएसटी घराण्यातली एन्झाइमं बांधून बाहेर काढतात. पहिलं खातं वेगवान आणि दुसरं सुस्त असेल, तर मधल्या वेळात विष साचतं आणि डीएनएला चिकटतं. सीवायपी१ए१ चा एक विशिष्ट प्रकार आणि जीएसटीएम१ चा अभाव एकाच माणसात आले की धोका वाढतो, असं अनेक भारतीय अभ्यासांत दिसलं. सगळ्या अभ्यासांत नाही. शंभर-दोनशे रुग्णांवर केलेले बरेच अभ्यास पुढच्या मोठ्या अभ्यासात टिकले नाहीत, हे या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे.

चिकटलेलं विष खरवडून डीएनए दुरुस्त करणारी जनुकं हा दुसरा गट. एक्सआरसीसी१ हे त्यातलं नाव वारंवार येतं. तिसरा गट दारूचा, त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे. चौथा गट मला सगळ्यांत मजेदार वाटतो: सवयीचा. १५व्या गुणसूत्रावर निकोटीनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींची, म्हणजे निकोटीन जिथे जाऊन बसतं त्या पेशींवरच्या जागांची, जनुकं आहेत. त्यांतल्या एका फरकामुळे सिगारेट ओढणारा माणूस जास्त ओढतो. सीवायपी२ए६ ज्यांच्यात मंद चालतं, त्यांच्या शरीरात निकोटीन जास्त वेळ टिकतं, त्यामुळे पुढची तलफ उशिरा येते. म्हणजे जनुक कर्करोग देत नाही, हात खिशाकडे किती वेळा जाणार हे थोडंफार ठरवतं.

२०१६ साली युरोप, उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका इथल्या ६ हजारांहून अधिक रुग्णांचा आणि तितक्याच निरोगी लोकांचा संपूर्ण जनुकसंच चाळून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोंडाच्या कर्करोगाशी संबंधित अशा काही नव्या जागा त्यात सापडल्या. ५व्या गुणसूत्रावरची सीएलपीटीएम१एल नावाच्या जनुकाजवळची जागा त्यांतली एक, ती फुफ्फुसाच्या कर्करोगातही दिसते. प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए विभागही त्यात आहे. भारत मात्र त्या अभ्यासात नव्हता.

आकड्यांत सांगा. धोका किती पटीनं वाढतो?

या एकेका जन्मजात फरकानं साधारण सव्वा ते दीड पट, बऱ्याचदा त्याहूनही कमी.

आता त्याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवा. भारतीय उपखंडातले अभ्यास एकत्र करून पाहिले, तर तंबाखू घातलेल्या विड्यानं तोंडाच्या कर्करोगाचा धोका साडेसात पटीच्या वर जातो. तंबाखू नसलेल्या, फक्त सुपारीच्या विड्यानंसुद्धा अडीच पट होतो. सिगारेट आणि दारू जोडीनं आली तर दोघांच्या धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ‘माझ्या जनुकांतच दोष असेल’ असं म्हणणाऱ्याला मी हे दोन्ही आकडे सांगतो आणि खिशातली पुडी टेबलावर ठेवायला सांगतो.

आमच्या घरात काकांना झाला आणि आता मोठ्या भावाला. हा घराण्याचा रोग नाही का?

घरात जवळच्या कुणाला, म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी एकाला डोकं आणि मानेच्या भागातला कर्करोग झाला असेल, तर बाकीच्यांचा धोका सुमारे पावणेदोन पट होतो. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून काढलेला हा आकडा आहे. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची. घरात रोग आहे आणि स्वतः तंबाखू-दारूही घेतो, अशांचा धोका कितीतरी वर उसळला होता. घरात रोग आहे पण स्वतः काहीच घेत नाही, अशांत तो फारसा वाढलेला नव्हता.

‘घराण्याचा’ या शब्दात आपण खूप काही कोंबतो. एका घरात जनुकं वाटली जातात, तशी जेवणानंतरची पाच मिनिटंही वाटली जातात. तबक फिरतं, कातरा फिरतो, बारा वर्षांच्या पोराला आजी कौतुकानं सुपारीचं खांड देते. एका कुटुंबात मला आई आणि दोन्ही मुलगे यांच्या तोंडात एकाच बाजूला चट्टा दिसला होता. तिघंही मशेरी लावायची, उजव्या हाताच्या एकाच बोटानं. त्यात जनुकं किती आणि बोट किती हे वेगळं काढणं अवघड. मला वाटतं बोट जास्त.

तुमच्या भावाला झाला असेल तर घाबरण्यापेक्षा दोन गोष्टी करा. तुम्ही स्वतः वर्षातून एकदा तोंड तपासून घ्या. आणि काही खात असाल तर तुमच्यासाठी ते इतरांहून जास्त धोक्याचं आहे, असं धरून चाला.

आमचं कुळागर आहे. सुपारी घरची, तंबाखू अजिबात नाही. तरी धोका?

हा प्रश्न फोंड्याकडे, सावईवेऱ्याकडे, सत्तरीत हमखास येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो. रागाचं कारण मला कळतं. पोफळीवर घरं उभी राहिली, मुलं शिकली. देवाच्या तबकात सुपारी, लग्न ठरलं की सुपारी, गणपती नसला तर त्याच्या जागी सुपारी. तिलाच कुणी विष म्हटलं तर कसं ऐकून घ्यायचं?

तरी उत्तर हो असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली सुपारीला, तंबाखूविना, माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. सुपारीतलं ॲरेकोलीन आणि तिच्यातलं तांबं गालाच्या आतल्या त्वचेखाली कोलॅजनचे तंतू वाढवतं. नव्या तंतूंना लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम एकमेकांत घट्ट विणतं, आणि तांबं मिळालं की ते एन्झाइम जोरात चालतं. गाल चामड्यासारखा ताठ होतो. आधी तिखट सोसत नाही, मग घास लहान करावा लागतो, शेवटी तोंडात दोन बोटंही शिरत नाहीत. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. अशा शंभर जणांपैकी साधारण चार ते आठ जणांना पुढे कर्करोग होतो. विड्यातला चुना यात भर घालतो: तो त्वचा सोलवटतो आणि त्याच्यामुळे सुपारीतून पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू सुटतात.

जनुकांचा संबंध इथेही आहे. एकाच गाड्यावरची एकच सुपारी दोन मित्र पाच वर्षं खातात, एकाचं तोंड आखडतं, दुसऱ्याचं नाही. कोलॅजन घडवणाऱ्या आणि मोडणाऱ्या एन्झाइमांची जनुकं प्रत्येकात थोडी वेगळी असतात, हे त्याचं एक कारण दिसतं. पण कुणाचं आखडणार हे आधी सांगणारी भरवशाची चाचणी नाही.

पूजेतली सुपारी पूजेतच राहू दे, तिनं कुणाचं काही बिघडत नाही. मला भीती आहे ती चकचकीत पुड्यांतल्या गोड, सुगंधी सुपारीची, जी शाळेतली मुलं चॉकलेटसारखी खातात. आखडलेल्या तोंडाची विशी-पंचविशीतली मुलं माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांची सुरुवात त्याच पुडीनं झालेली असते.

आम्ही फक्त उर्राक घेतो, तीही सीझनला. तीन महिने.

उर्राक, फेणी, बियर, विलायती, सगळ्यांत मुद्दा अल्कोहोलचा. शरीर अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी आम्ल. मधला ॲसिटाल्डिहाइड हा खरा गुन्हेगार, तो डीएनएला चिकटतो. त्यातला काही तर तोंडातले जंतूच तयार करतात, दारू पोटात पोचण्याआधी. दात घासण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पहिली पायरी एडीएच१बी सारखी जनुकं सांभाळतात, दुसरी एएलडीएच२. चीन, जपान, कोरिया इथल्या बऱ्याच लोकांत एएलडीएच२ चा मंद प्रकार असतो. एक पेला घेतला की चेहरा लाल, छाती धडधड. तरीही जे पीत राहतात, त्यांच्यात अन्ननलिकेच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. भारतीयांत हा प्रकार अगदी दुर्मीळ. म्हणून ‘मला काही होत नाही, चेहराही लाल होत नाही’ याला गोव्यात अर्थ नाही, इथे जवळपास कुणाचाच होत नाही. एडीएच१बी चा वेगवान प्रकार असलेले लोक मुळात कमी पितात, कारण त्यांना ते सोसत नाही. त्यांच्यात हे कर्करोग कमी दिसतात. जनुक कधी कधी असंही वाचवतं, माणसाला पिण्याचा कंटाळा आणून.

तीन महिन्यांच्या उर्राकबद्दल: नऊ महिने खरोखर बंद असेल तर बारमाहीपेक्षा बरं. पण उर्राक संपते तेव्हा फेणी तयार झालेली असते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

तंबाखू नाही, सुपारी नाही, दारू नाही, तरी झाला. असं होतं?

होतं, कमी वेळा. वय वाढलं की पेशींत चुका साचतातच. घशाच्या मागच्या भागाचा, टॉन्सिलचा आणि जिभेच्या मुळाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होऊ शकतो. पाश्चात्त्य देशांत त्याचं प्रमाण मोठं आहे, आपल्याकडच्या गालाच्या कर्करोगात विषाणूचा हात बराच कमी. आणि अगदी थोड्या जणांत जन्मजात आजार असतो.

जन्मजात आजार म्हणजे कोणता? कुणी जनुकतज्ज्ञाकडे जावं?

फॅन्कोनी ॲनिमिया हे नाव लक्षात ठेवा. फार दुर्मीळ आहे, पण सगळ्यांनी दुर्लक्षिलेलंही आहे. डीएनएचे दोन पदर एकमेकांना चुकून जोडले गेले तर ते सोडवणारी जनुकं यात बिघडलेली असतात. बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत शक्यता वाढते. अशा मुलांत उंची कमी, अंगठ्यात दोष, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, रक्तातल्या पेशी कमी, अशा खुणा असू शकतात. सगळ्यांत असतातच असं नाही. त्यांना तोंडाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या शेकडो पट असतो आणि तो तरुण वयात, कसलंही व्यसन नसताना होतो. निदान आधी होणं गरजेचं, कारण नेहमीच्या मात्रेतली केमोथेरपी आणि रेडिएशन या रुग्णांना झेपत नाही.

तेव्हा पस्तिशीच्या आत, काहीही न खाता-पिता तोंडाचा कर्करोग झाला असेल, किंवा घरात त्याच्या जोडीला रक्ताचा काही आजार असेल, तर आपल्या डॉक्टरांकडे जनुकीय सल्ल्याची गोष्ट काढा. बाकीच्यांना त्याची गरज नाही.

इंटरनेटवर लाळेची चाचणी मिळते. थुंकी पाठवली की कर्करोगाचा धोका सांगतात. करू का?

तोंडाच्या कर्करोगासाठी करू नका. पैसे वाचतील.

आपल्याकडे देवाला प्रसाद लावतात. पाकळी उजवीकडून पडली की काम होणार, डावीकडून पडली की थांबा. लोकांना या चाचणीकडून तसंच काहीतरी हवं असतं. पण चाचणी पाकळी पाडत नाही. ती म्हणते, ‘तुमचा धोका सरासरीच्या १.२ पट’. याचं करायचं काय? जास्त आला तर तंबाखू सोडा, कमी आला तरी तंबाखू सोडा. कमी आलेला कागद घेऊन कुणी निर्धास्तपणे पुडी फोडली, तर चाचणीनं त्याचं नुकसानच केलं.

दुसरी अडचण मापाची आहे. अशा चाचण्यांमागचा बराचसा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवरचा. त्यांच्या मापानं शिवलेला सदरा आपल्या अंगात बसेलच असं नाही. ही उणीव भरून काढायचं काम सुरू झालं आहे: जीनोम इंडिया प्रकल्पात देशातल्या ८३ समाजगटांतल्या सुमारे १० हजार लोकांचे जनुकसंच वाचले गेले आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. पुढे कधीतरी, तंबाखू खाणाऱ्यांतल्या कुणाची तपासणी जास्त वेळा करायची हे ठरवायला जनुकांचा उपयोग होईल, अशी मला आशा आहे. आज तरी माझ्या टॉर्चला जे दिसतं ते त्या कागदाला दिसत नाही.

अमुक समाजात जास्त होतो, तमुक समाजात कमी, हे खरं का?

जातीतल्या जातीत पिढ्यान् पिढ्या लग्नं झाली की काही दुर्मीळ आजार त्या समाजात जास्त दिसतात, हे खरं. तोंडाच्या नेहमीच्या कर्करोगाबद्दल मात्र आधी त्या समाजात कोण काय खातं ते पाहा. तंबाखू तर कुणाच्याच पूर्वजांचा नव्हे. तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला, काजू आला तसाच.

गोव्यात तंबाखू कमीच खातात ना?

कमी खातात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या गोवेकरांत तंबाखू घेणारे ९.७ टक्के निघाले, देशात सगळ्यांत कमी. देशाची सरासरी २८.६ होती. १९९७ चा धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा कायदा, २००५ ची गुटखाबंदी, यांत गोवा इतरांच्या पुढे होता आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण त्या टक्केवारीत नुसती सुपारी मोजलेली नाही. दारूत आपण देशाच्या मागे नाही. आणि ‘मी तंबाखू खात नाही’ असं सांगणाऱ्या कितीतरी बायका रोज सकाळी मशेरी लावतात. त्यांच्या दृष्टीनं ते दात घासणं आहे. म्हणून शिबिरात मी ‘तंबाखू खाता का’ असं विचारणं सोडून दिलं. ‘दात कशानं घासता’ असं विचारतो.

तपासणीत करतात तरी काय? ती कुठे होते?

उजेड, आरसा आणि हातमोजे घातलेली दोन बोटं. एवढंच. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासत होते. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशानं घटले. हा निष्कर्ष २००५ साली आला. त्यात जनुकाची एकही चाचणी नव्हती.

घरीही बघता येतं. सकाळच्या उजेडात आरशासमोर गाल बोटानं बाजूला ओढा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहा, जीभ टाळूला लावून खालची जागा पाहा. न दुखणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा), तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, मानेत गाठ, कारण नसताना हललेला दात, यांपैकी काहीही दिसलं तर या. तीन बोटं एकावर एक उभी तोंडात शिरत नसतील तरी या. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला तो दुखतच नाही, तीच त्याची खोड.

बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आणि गोवा मेडिकल कॉलेज जवळजवळ आहेत. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत आणि जवळच्या दातांच्या डॉक्टरकडेही तोंड दाखवता येतं. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे.

तीस वर्षं खाल्ली. आता सोडून काय उपयोग?

उपयोग आहे. सिगारेट सोडलेल्यांत पहिल्या चार वर्षांतच धोका उतरू लागतो आणि वीसएक वर्षांत कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळ येतो. सुपारीनं आखडलेलं तोंड मात्र सोडल्यानं पूर्वीसारखं मोकळं होत नाही. आखडणं तिथे थांबावं म्हणून सोडायची, आणि व्यायामानं, औषधानं थोडं उघडून घ्यायचं.

जनुकांचा इथे एक उपयोग आहे, तो दिलाशाचा. कुणाला चार दिवसांत सुटते, कुणाला चार वर्षं झगडावं लागतं. ज्याला सुटत नाही तो मनानं कमकुवत असतो असं नाही, त्याच्या मेंदूतले निकोटीनचे ग्राही आणि यकृतातली एन्झाइमं वेगळी असू शकतात. अशांना निकोटीनचं च्युइंगम किंवा गोळ्या लागतात. त्या मागायला लाजू नये. आणि बायको-मुलांनी ‘मनात आणलं तर एका दिवसात सुटेल’ हे ऐकवणं थांबवावं.

तुकडा काढून तपासला की रोग पसरतो, असं म्हणतात. खरं?

नाही. पसरतो तो तुकडा न काढता घालवलेल्या सहा महिन्यांत. भूल देऊन तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा तुकडा काढतात, एकदोन टाके पडतात. त्या दिवशी गरम आणि तिखट टाळायचं. पेज चालते, पण थंड करून.